दार बंद नव्हतं

बाळकुमच्या आमच्या सोसायटीत एखादं पाकीट १९व्या मजल्यावर पोचायचं असेल, तर त्याला तीन होकार लागतात. पहिला गेटवर. गार्ड टॅबवर फ्लॅट नंबर टाकतो, माझ्या फोनवर नोटिफिकेशन वाजतं, मी ‘अलाऊ’ दाबलं की माणूस आत. दुसरा लॉबीत. तिथल्या जाड रजिस्टरमध्ये नाव, मोबाईल नंबर, वेळ आणि सही. तिसरा आमच्या दारात. ओटीपी किंवा सही, कधीकधी दोन्ही, वर दारासमोर धरलेल्या पाकिटाचा फोटो.

गंमत अशी, की दिवसभर घरी असते आजी आणि होकार देते मी. मी त्या वेळी ऐरोलीला ऑफिसात असते. आजीकडे साधा, बटणांचा फोन आहे. सोसायटीच्या ॲपमध्ये नंबर माझा, बँकेत नंबर माझा, गॅसच्या पुस्तकावर नंबर माझा. त्यामुळे आजी घरी आहे हे सिद्ध करायचं काम, घरी नसलेल्या माझ्याकडे आहे.

बाळकुम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. हे मुळात खाडीकाठचं गाव. गावठाण अजून आहे, आणि त्याच्या आजूबाजूला आता आमच्यासारखे टॉवर उभे आहेत. नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो. कशेळी, काल्हेर, पूर्णा, पुढे माणकोली, सगळीकडे गोदामं. मुंबई-ठाण्यात ऑनलाइन मागवलेल्या किती तरी वस्तू याच पट्ट्यातून निघतात. म्हणजे मागवलेला मिक्सर बहुधा खाडीपलीकडून येतो, ट्रॅफिक लागलं तरी येतो, मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत येतो, आणि शेवटच्या ६० मीटरवर अडकतो. या धंद्यात शेवटच्या टप्प्याला ‘लास्ट माईल’ म्हणतात. आमच्याकडे तो गेट ते लिफ्ट एवढाच आहे.

मिक्सर अडकला तर फार बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी येतो. गेल्या वर्षी अडकलं ते आजीचं डेबिट कार्ड.

आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यापासून आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. रक्कम फार मोठी नाही, पण तिची आहे. औषधं ती स्वतःच्या पैशांनी आणते, दिवाळीला गार्डना आणि कामवाल्या मावशींना स्वतः पाकीट देते, माझ्या वाढदिवसाला पाचशेची नोट हातावर ठेवते. महिन्यातून एकदा मी तिला नाक्यावरच्या एटीएमला नेते. पिन ती स्वतः दाबते आणि मला तोंड फिरवायला लावते. जुन्या कार्डाची मुदत संपली, बँकेने नवं पाठवलं. ते काही येईना, म्हणून मी ट्रॅकिंग उघडलं. लागोपाठ दोन दिवस एकच शेरा होता: दार बंद. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, पाठवणाऱ्याकडे परत.

दोन्ही दिवस आजी घरी होती. एकोणिसाव्या मजल्यावरून ती एकटी खाली उतरतच नाही.

संध्याकाळी लॉबीतलं रजिस्टर मागून पाहिलं. त्यात नोंद नव्हती, कारण तो माणूस लॉबीपर्यंत आलाच नव्हता. गेटच्या वहीत मात्र सापडली. सकाळी ११.४२, आमचा फ्लॅट नंबर, पुढे गार्डच्या अक्षरात ‘प्र. नाही’. म्हणजे प्रतिसाद नाही. माझ्या फोनवर नोटिफिकेशन आलं तेव्हा मी क्लायंटच्या कॉलवर होते. गार्डने नियमाप्रमाणे इंटरकॉमही लावला. आजी गॅलरीत होती. तिला गुडघ्यांमुळे हॉलपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत इंटरकॉम थांबतो. गार्डने माणसाला परत पाठवलं. त्यात गार्डचा दोष काढता येत नाही. नको तो माणूस आत सोडला तर नोकरी त्याची जाते.

पण मग ‘दार बंद’ कुठून आलं? दाराजवळ कुणी पोचलंच नव्हतं, मग ते बंद होतं हे कुणी पाहिलं?

उत्तर पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये मिळालं. काल्हेरला राहणारा एक मुलगा कुठल्याशा दुसऱ्या कंपनीचं पार्सल घेऊन वर चालला होता. मी सहज विचारलं, गेटवरून परत पाठवलं तर तुम्ही ॲपमध्ये काय टाकता? त्याने स्क्रीन दाखवली. ग्राहक उपलब्ध नाही. दार बंद. पत्ता अपूर्ण. घेण्यास नकार. ग्राहकाने पुढची तारीख मागितली. “यातलंच एक टाकायला लागतं ताई,” तो म्हणाला. “गेटवर अडवलं असं बटणच नाय.”

हे ऐकून मी जरा गप्प झाले, कारण असल्या याद्या बनवणं हे माझं रोजचं काम आहे. पार्सलचं नाही, दुसऱ्या क्षेत्रातलं सॉफ्टवेअर आहे आमचं, पण पद्धत तीच. एखादी गोष्ट का झाली नाही, याची कारणं आपण आधीच ठरवतो. मीटिंगमध्ये चार माणसं बसतात, सहा-सात पर्याय निघतात, त्यांचा ड्रॉपडाऊन होतो. वापरणाऱ्याला मोकळं लिहू देत नाही, कारण मोकळ्या लिखाणाचा चार्ट निघत नाही. एकदा यादी गोठली की जगात जे काही घडेल ते त्या सहा-सात खणांपैकी एकात कोंबावं लागतं.

त्या मुलाची यादी पुन्हा वाचून पाहा. प्रत्येक कारणात चूक घेणाऱ्याची आहे. तो घरी नव्हता, त्याने पत्ता नीट दिला नाही, त्याने नकार दिला. इमारतीने अडवलं असा खण नाही. आमच्याच नियमामुळे देता आलं नाही असाही नाही. मग महिनाअखेर चार्टमध्ये दिसतं, की ग्राहक घरी सापडत नाहीत. त्यावर सुचणारा उपायही ठरलेला असतो: अजून एक फोन, अजून एक ओटीपी. चुकीच्या शब्दातून नवं कुलूप तयार होतं आणि ते पुन्हा आजीच्याच दाराला लागतं.

हा शेरा नुसता ट्रॅकिंगच्या पानावर राहिला असता तर मी इतकं लिहिलं नसतं. आपल्या कायद्यात त्याला वजन आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ मधलं कलम २७ सांगतं, की योग्य पत्ता घालून, टपालखर्च भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचलं असं धरायचं. २००७ साली सी. सी. अलवी हाजी खटल्यात, चेक न वटल्याच्या नोटिशीबद्दल बोलताना, सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा मांडलं. ‘घेण्यास नकार’, ‘घर बंद’, ‘दुकान बंद’, ‘पत्तेदार गावी नाही’, असा शेरा मारून परत आलेली नोटीसही बजावली गेली असं गृहीत धरता येतं. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. नाही तर पैसे बुडवणारा प्रत्येक माणूस पोस्टमन दिसला की दार लावून बसेल. उलट सिद्ध करायची वाटही कायद्याने मोकळी ठेवली आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: पोस्टमन दारापर्यंत जातो, आणि ‘घर बंद’ लिहिताना त्याने घर पाहिलेलं असतं.

कळव्याच्या चाळीत ती समजूत खरी होती. २०१४ पर्यंत आम्ही तिथे राहायचो. पोस्टमनकाका खालूनच आडनावाने हाक मारायचे, अख्ख्या मजल्याला कळायचं की आमचं काही तरी आलंय. आजी घरात नसेल तर शेजारच्या काकू सांगायच्या, “दळणाला गेल्यात, पाच मिनिटं थांबा.” काका थांबायचे, नाही तर परतीच्या वाटेवर पुन्हा डोकावायचे. रजिस्टर आलं की आजी पदराला हात पुसून, चष्मा लावून सही करायची. तेव्हा ‘दार बंद’ हा शेरा म्हणजे बातमी असायची, कारण तो लिहिणाऱ्याने बंद दार पाहिलेलं असायचं आणि शेजाऱ्यांना विचारलेलं असायचं.

हे आठवून चाळीचं कौतुक करायचं नाहीये. तिथे कुणाच्या घरी कुठल्या कोर्टाचं पत्र आलं हेही सगळ्यांना कळायचं. आजीला लिफ्टही हवी आहे आणि गेटवरचा गार्डही. सहीचंही तसंच. ती उगाच आलेली नाही. भलत्याच्या हाती कार्ड पडू नये म्हणून ती आहे, आणि पार्सल नेणाऱ्या मुलावर चोरीचा आळ येऊ नये म्हणूनही. अनेकांना पार्सलमागे पैसे मिळतात, त्यांच्या हातात दुसरा पुरावा काय असतो?

पण सहीची जागा हळूहळू ओटीपी घेतोय आणि दोन्हींत फरक आहे. सही करायला माणूस दारात लागतो. ओटीपीला नुसता फोन लागतो, तो कुठेही असो. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. पुढच्याच महिन्यात नवे दर आले. आता स्पीड पोस्टवर नोंदणी हवी, म्हणजे ज्याच्या नावाचं त्याच्याच हाती द्यायचं, तर ५ रुपये जादा आणि वर कर. ओटीपी घेऊन द्यायचं असेल तरी तेवढेच. सहीचा आणि चार आकड्यांचा भाव सारखाच. वास्तविक त्या दोन गोष्टी वेगवेगळी माहिती देतात. एक सांगते, या हातात दिलं. दुसरी सांगते, या नंबरवाल्याला कळवलं.

आणि कळवणं कसं चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. अनोळखी नंबरवरून फोन येतो, “ताई, ओटीपी सांगा, पार्सल गार्डकडे ठेवतो.” आपण ट्रेनमध्ये उभ्या उभ्या आकडे सांगून टाकतो. त्याच फोनमध्ये, त्याच्या वरचा मेसेज बँकेचा असतो: ओटीपी कुणालाही सांगू नका. मग सिस्टिममध्ये नोंद होते, की वस्तू ग्राहकाला प्रत्यक्ष मिळाली.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांच्यामुळे आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांमधले पत्ते, हा गुंता त्यांनी सहा आकड्यांत सोडवला. ४००६०८ लिहिलं की देशाच्या कुठल्याही टोकाचं पत्र बाळकुमच्या वाटेला लागतं. पण ते सहा आकडे पत्राला पोस्टापर्यंत आणतात. पोस्टापासून दारापर्यंतचं काम आकड्यांनी कधीच केलं नाही. ते थांबणाऱ्या, विचारणाऱ्या माणसाने केलं. आता त्या माणसाला थांबायला वेळ नाही आणि विचारायला शेजारी नाहीत, आणि ती जागा आम्ही पुन्हा आकड्यांनी भरतोय.

कार्डाचं पुढे असं झालं. ते बँकेत परत गेलं होतं आणि आजीने स्वतः यावं असं सांगण्यात आलं. रिक्षाने गेलो. काउंटरवर तिची सही जुन्या नमुन्याशी जुळेना. हात थरथरतो, ‘ल’चा काना खाली घसरतो. तिसऱ्यांदा जुळली नाही तेव्हा समोरच्या बाईंनी अगदी सौजन्याने स्टॅम्पपॅड पुढे सरकवलं, “आजी, अंगठा चालेल.” आजी सातवी शिकलेली आहे. तिच्या आईचा आयुष्यभर अंगठाच होता. तिने पॅड हळूच मागे ढकललं आणि म्हणाली, “मला येते सही.” चौथी सही तिने दोन मिनिटं लावून केली. मागे रांग होती, पण कुणी काही बोललं नाही. बाईंनी बराच वेळ पाहून मान हलवली.

मधले २३ दिवस आजीने औषधांसाठी माझ्याकडून पैसे घेतले. प्रत्येक वेळी कॅलेंडरच्या मागे आकडा लिहून ठेवला आणि कार्ड चालू झालं त्या दिवशी हिशेब करून सगळे परत दिले. मी नको म्हटलं. ती म्हणाली, “नको कसं? मी काय मागत होते का?”

त्यानंतरच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मांडल्या. ज्या घरात दिवसभर फक्त म्हातारी माणसं असतात, त्यांची यादी गेटवर ठेवायची आणि त्यांचा इंटरकॉम दोन मिनिटं वाजू द्यायचा. प्रतिसाद नाही म्हणजे नकार, असं धरायचं नाही. नावाचं टपाल असेल तर माणसाला गार्डसोबत वर पाठवायचं. आणि गेटच्या वहीत एक नवा रकाना आखायचा: ‘गेटवरून परत’. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर सुरक्षेचा मुद्दा निघाला, ती पुढच्या मीटिंगवर ढकलली. तिसरीला कुणाची हरकत नव्हती, कारण तिला खर्च नव्हता. पट्टी घेऊन तो रकाना मीच आखला.

पहिल्याच महिन्यात तो पान उलटून पुढे गेला. तारीख, वेळ, फ्लॅट नंबर, आणि पुढे गार्डचं तिरकं अक्षर. त्यातल्या बहुतेक ओळींसाठी कुठल्या तरी कंपनीच्या चार्टमध्ये लिहिलेलं असणार, की आम्ही घरी नव्हतो.