पांढरी माती, तांबडा दगड

हायडेलबर्ग हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते हिमायतनगरात, वडिलांच्या तोंडून, आणि तेही उर्दूत. वडिलांचे सारे शिक्षण निजामी अमदानीतले. मराठी घरची खरी, पण मन भरून आले म्हणजे ते उर्दूत बोलत. इक्बाल १९०७ साली जर्मन शिकण्यासाठी हायडेलबर्गला जाऊन राहिला होता आणि नेकर नदीकाठच्या एका संध्याकाळीवर त्याने कविता केली, हे ते अशा थाटात सांगत, की नेकर म्हणजे आमच्या पैनगंगेला पलीकडून मिळणारी एखादी नदीच असावी. गावातली म्हातारी माणसे हिमायतनगराला अजून वाढोणाच म्हणतात. त्या वाढोण्यातल्या ओसरीवर बसून मी नेकरचे पाणी मनातल्या मनात कितीदा तरी पाहिले होते.

गेल्या वर्षी ते खरेच पाहण्याचा योग आला. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त तिकडे आहेत. नदीकाठच्या एका रस्त्याला इक्बालचे नाव दिलेले आहे. तिथे उभा राहिलो आणि वडिलांची आठवण होऊन डोळे भरून आले. मुलगी म्हणाली, “बाबा, वारा फार आहे, चला.” वाऱ्यावर बरे भागले!

नदीच्या वर, डोंगराच्या कुशीत, तांबड्या वालुकाश्माचा तो प्रसिद्ध किल्ला आहे. किल्ला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर माहूर येते, नाहीतर पाण्याने भरलेल्या खंदकाचे कंधार. हायडेलबर्गचे तसे नाही. तटबुरूज आहेत, पण आत एकाला एक लागून राजवाडे, आणि त्यांतल्या सर्वांत देखण्याला छप्परच नाही! खिडक्यांतून पलीकडचे आभाळ दिसते. १६८९ आणि १६९३ साली फ्रेंच फौजांनी हा किल्ला उद्ध्वस्त केला. एक बुरूज तर सुरुंगाने असा उभा चिरला, की त्याचा अर्धा भाग अखंडच्या अखंड घसरून खंदकात आडवा झाला. तो तसाच पडून आहे. डागडुजी चालू असतानाच १७६४ साली वीज पडून पुन्हा आग लागली आणि लोकांनी किल्ल्याचा नाद सोडला.

तळघरात १७५१ साली केलेले दारूचे पिंप आहे. दोन लाख लिटरांहून अधिक द्राक्षासव त्यात मावे, आणि वर चढायला जिना आहे. त्यावर देखरेख करणारा पर्केओ नावाचा ठेंगू विदूषक जन्मभर दारू प्याला आणि एकदा चुकून पाण्याचा पेला प्याल्याने मेला, अशी आख्यायिका आहे. आमच्याकडच्या कित्येकांना हा माणूस पूज्य वाटेल.

पण मला तिथे सर्वांत जवळचा वाटला तो शार्ल द ग्रँबेर्ग नावाचा एक फ्रेंच सरदार. वीज पडल्यानंतर गावकरी किल्ल्याचे दगड काढून नेत आणि आपली घरे बांधत. हा गृहस्थ १८१० साली हायडेलबर्गला आला तो चार दिवस चित्रे काढण्यासाठी, आणि १८६४ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. दगड नेणाऱ्यांना अडवावे, पडक्या भिंतींची चित्रे छापून लोकांचे लक्ष तिकडे वेधावे, पदरमोड करून जुन्या वस्तू जमवाव्यात, हा त्याचा उद्योग. ज्यांच्या फौजेने किल्ला पाडला त्यांच्यातलाच एकजण तो जपायला बसला! पुढे तो पुन्हा पहिल्यासारखा बांधावा की नाही यावर जर्मनीत मोठे रण माजले. एक वाडा दुरुस्त झालाही. पण बिनछपराचा तो सुंदर राजवाडा तसाच ठेवावा, असे ठरले.

हे मी इतक्या आवडीने ऐकले त्याला कारण आहे. पुण्याकडची मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात. आमच्या लहानपणी आमच्याकडे ती चाल नव्हती. आमच्या मूळ गावी, हिमायतनगरापासून दोन कोसांवर, मातीचा खराच किल्ला उभा होता. ती आमची गढी. खाली दगडाचा पाया, वर पांढऱ्या मातीच्या पुरुषभर रुंद भिंती, चार बुरूज. त्यांतले दोन माझ्या देखत बसले. पावसाळ्याच्या तोंडी माळवदावर घालायला गावकरी गढीची पांढरी माती नेत. आजोबा कुणाला अडवत नसत. वडील अडवत.

आणि मी हायडेलबर्गात असतानाच धाकट्या भावाचा फोन आला. गढी सपाट करून जागेचे प्लॉट पाडायचे. साऱ्या भाऊबंदांच्या सह्या झाल्या, माझी तेवढी राहिली. मी त्याला ग्रँबेर्गची गोष्ट सांगितली. तो शांतपणे म्हणाला, “दादा, तिथं लोक तिकीट काढून बघायला येतात. आपल्या गढीत साप बघायला कोण येणार? उद्या भिंत कुणाच्या गोठ्यावर पडली तर कोर्टात तुम्ही उभे राहणार का?”

याला उत्तर सोपे नव्हते. दुसरीही एक गोष्ट मनात टोचत होती. मध्ययुगातल्या शहरांविषयी जर्मनीत म्हण आहे, की शहराची हवा माणसाला मोकळे करते. जमीनदाराच्या तावडीतून पळालेला कूळ तटबंदीच्या शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला, की पुष्कळ ठिकाणी त्याच्यावर धन्याचा हक्क उरत नसे. म्हणजे तिथे तटाच्या आत जाणे म्हणजे सुटका. आमच्या गढीच्या आत जाणे म्हणजे वेठ. त्या भिंतींची माती ज्यांनी डोक्यावरून वाहिली, त्यांचीच नातवंडे ती माळवदासाठी परत नेत होती. आजोबा अडवत नसत ते यामुळे की काय, त्यांनाच ठाऊक.

हायडेलबर्गच्याच विद्यापीठात गुंथर सोन्थायमर हे पंडित होते. १९३४ साली उल्मला जन्मलेले. उल्म म्हणजे साडेएकशेएकसष्ट मीटर उंच मनोऱ्याच्या चर्चचे गाव; १३७७ साली पाया घातला आणि मनोरा पुरा झाला १८९० साली. अशा गावचा हा माणूस महाराष्ट्रात येऊन धनगरांबरोबर हिंडला, मराठी शिकला आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहून बसला. आमच्या जिल्ह्यात मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची केवढी जत्रा भरते! घोडे, गाढवे, उंट यांची ही गर्दी. ती मी पन्नास वेळा पाहिली. लिहिले एक अक्षर नाही. सोन्थायमर राजवाड्यांच्या गावातून निघाले आणि मेंढवाड्यात रमले. गढीकडे पाहताना मीही कधी बुरुजावरून खाली उतरलो नव्हतो.

परत आल्यावर भावाला कळवले, की पडायला आलेला गोठ्याकडचा बुरूज खुशाल उतरवा, आणि माती आधी गावाला न्यायला सांगा. उरलेला एक ठेवायचा. त्याच्याखालची जागा माझ्या हिश्शात धरा, दुसरे काही नको. पुतण्या म्हणतो, “काका, कोपऱ्यावरचा प्लॉट आहे तो, सगळ्यात महाग.” भाऊ काहीच बोललेला नाही. भाऊबीजेला सारे गावी जमणार आहोत. कागद मी बरोबर घेतले आहेत, आणि एक तंबूही. तलाठ्याने मोजणीला बोलावले आहे त्याच्या आदल्या रात्री मी तिथेच झोपणार आहे.