लाखोळीचे दाणे आणि अकरा पंच

मुलांना सिनेमा दाखवायचा म्हटला की आपण मोठी माणसे पहिला प्रश्न विचारतो, "त्यातून बोध काय?" दिवाळीच्या लाडवाला कोणी बोध विचारीत नाही, सिनेमाला मात्र विचारतो! आसगावला माझी भाची शिकवते, तिच्या शाळेत लघुपटांचा महोत्सव भरणार असे कळले तेव्हा मला वाटले, दोन दिवस बिचाऱ्या मुलांना रांगेत बसवून स्वच्छतेचे आणि काटकसरीचे काढे पाजणार. तरी गेले. भाचीचा शब्द मोडवत नाही, आणि हिवाळ्यातले ते गाव मला आवडते.

आसगाव हे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले. नागपूरहून उमरेड, भिवापूर करीत पवनी गाठायची आणि मग धानाच्या बांध्यांमधून पुढे जायचे. शहरातल्या वाचकांना वाटेल, या मुलांना महोत्सवातले काय कळणार? पण झाडीपट्टीत दिवाळी उलटली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री दंडार नाहीतर नाटक ठरलेलेच, तेही पहाटेपर्यंत. तान्ही पोरेसुद्धा आईच्या मांडीवर हजर असतात. आपल्या मुलांनी जागेपणी पाहिली नसतील इतकी नाटके या मुलांनी झोपेत पाहिलेली असतात. नट खरा रडतो आहे की खोटा, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

भाचीने हेच हेरले होते. तिने सहावी ते आठवीची अकरा मुले पंच म्हणून नेमली आणि बक्षीस तीच देतील असे जाहीर करून टाकले. ही कल्पना तिला 'किल्ला'वरून सुचली. अविनाश अरुण यांचा हा मराठी चित्रपट २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला आणि स्फटिकाचे अस्वल घेऊन परतला. ते अस्वल देणारे पंच होते अकरा ते चौदा वर्षांची मुले! इटलीत जिफोनी नावाच्या गावी तर १९७१ पासून महोत्सव भरतो, आणि तिथेही निवाडा मुलांचाच. आपल्याकडे १९५५ साली बालचित्रपटांसाठी सरकारी संस्था निघाली, 'जलदीप' हा तिचा पहिला चित्रपट. १९७९ पासून तिचा आंतरराष्ट्रीय महोत्सवही भरू लागला. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तेव्हा मुलांनी काय पाहावे, याची चिंता आता घराने आणि शाळेनेच वाहायची.

लघुपटच का, असे मी विचारले. भाची म्हणाली, "मावशी, एका तासिकेत दोन पाहून होतात आणि भांडायलाही वेळ उरतो." शिक्षिकेचे उत्तर!

तयारी मात्र मोठी गमतीची. दादासाहेब फाळक्यांना १९१२ साली भांडवल हवे होते, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि तो वेल पडद्यावर भराभर वाढताना दाखवून सावकाराला थक्क केले. ही हकीकत ऐकून मुलांनी डब्यात लाखोळी पेरली आणि भाचीच्या मोबाईलवर रोज तिचा फोटो घेतला. सगळे फोटो जोडल्यावर कोंब असा काही उसळला की मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. उरलेली लाखोळी मतदानासाठी ठेवली: प्रत्येक चित्रपटाला एक डबा, प्रत्येक पंचाला एक दाणा. वर्गाच्या खिडक्यांना धानाची रिकामी पोती ठोकून अंधार केला. त्या अंधाराला तणसाचा वास होता.

यादीत नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' होता. २००९ सालचा, पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. शाळेची ओढ लागलेल्या आणि घरच्या गरिबीने चोरीकडे ढकललेल्या पोराची ती गोष्ट. झाले! दोघातिघा पालकांनी हरकत घेतली. "चोरी करनारा पोरगा लेकरायले कायले दाखवता?" त्यांची काळजी खोटी नव्हती, मुलगा वाया जाईल ही भीती गरिबाच्या घरी अधिकच असते. भाचीने वाद घातला नाही. "पंच ठरवतील," म्हणाली.

पंचांनी हरकत घेणाऱ्यांनाच शेजारी बसवून चित्रपट पाहिला. दिवे लागल्यावर सातवीतली एक मुलगी उठली. "तो चोरी शिकवत नाही जी. तो शाळेत येऊ पाह्यते." मग जरा थांबून म्हणाली, "आमच्या हजेरीतबी एक नाव हाय. बाई रोज घेतेत. कोनी हजर म्हनत नाही."

कोणी काही बोलले नाही. ते नाव कोणाचे हे साऱ्या गावाला ठाऊक होते. त्याचा बाप कामासाठी बाहेरगावी गेलेला, आणि पोरगा लोकांची गुरे राखीत होता. 'पिस्तुल्या' यादीत राहिला. शिवाय पंचांनी ठराव केला की बारावा पंच घ्यायचा, आणि तो कोण हे सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन मुले जाऊन त्याला बांधीवरून घेऊन आली. काठी दाराशी ठेवून तो पंचांच्या सतरंजीवर कडेला बसला. 'पिस्तुल्या' सुरू झाला तेव्हा सगळ्यांचे डोळे पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त. माझेही. त्याचा चेहरा जराही हलला नाही. पुढे एक बिनशब्दांचा लघुपट लागला, पळालेल्या कोंबडीमागे धावणाऱ्या जाड्या माणसाचा. त्यावर मात्र हा पोरगा असा हसला की शेजारच्याच्या अंगावर कलंडला.

मतदान झाले. त्याने आपला दाणा कोंबडीच्या डब्यात टाकला. ती मुलगी संतापली. "अरे, तो दुसरा तुयाच व्हता ना!"

"मले मालूम हाय ते," तो म्हणाला. "मले कोंबडीवाला आवडला."

कोंबडीवाल्याला पाच दाणे, 'पिस्तुल्या'ला चार, बाकीचे तीन इकडेतिकडे. स्वच्छतेच्या डब्यात एकही नाही. मुलीने तीनदा मोजले. दाणे तेवढेच भरले. मग तिनेच फळ्यावर निकाल लिहिला. त्याने तो एकेक अक्षर लावीत, ओठ हलवीत शेवटपर्यंत वाचला, आणि गुरे वळवायची वेळ झाली म्हणून काठी उचलून निघून गेला.