ईदच्या दिवशी बारा लाखांचा हिशेब

2025 ची ईद-उल-फित्र नेमकी 31 मार्चला आली. शव्वालचा पहिला दिवस आणि सरकारी वर्षाचा शेवटचा. ईदगाहवरून आल्यावर आमच्या मिरजेच्या घरात शीरखुर्म्याच्या वाट्या फिरल्या आणि त्यांच्याबरोबर, दरवर्षी फिरतो तसा, राजकारणाचा विषयही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण हिशेब निघाला की मराठीवर येतो. त्या दिवशी सगळी बैठक मराठीतच झाली.

विषय होता बारा लाखांचा. 1 फेब्रुवारीला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केले होते की नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. नोकरदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाख. त्यानंतर चारच दिवसांनी दिल्लीत मतदान होते.

"हे दिल्लीसाठी केलं," कापडाचे दुकान चालवणारे धाकटे भाईजान म्हणाले. "2019 आठवा. फेब्रुवारीत पाच लाखांपर्यंत कर माफ, एप्रिलमध्ये मतदान." त्यात खोटे काही नव्हते. पण निवडणुकीसाठी दिले म्हणून पैसे कमी भरत नाहीत, असे आमचे म्हणणे. आमच्यापैकी एकजण ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, पगार वर्षाला साडेअकरा लाख. 2024-25 चा कर उपकरासह 63,700 रुपये भरला होता. एप्रिलपासून तो शून्य होणार होता.

पुण्यात नोकरी करणारा भाचा तर जास्तच खुशीत होता. त्याचे पॅकेज चौदा लाखांचे. त्याचा समज असा की बारा लाख माफ, वरच्या थोड्यावर कर. आम्ही वहीचे पान काढले. माफीची पहिली पायरी चार लाखांचीच आहे. तिथून आठपर्यंत पाच टक्के, बारापर्यंत दहा, सोळापर्यंत पंधरा. बारा लाखांपर्यंतच्याला वेगळी सूट देऊन कर शून्यावर आणतात. ती मर्यादा बरीच ओलांडली की सूट जाते आणि चार लाखांपासूनचा कर अंगावर येतो. वजावट धरून त्याचा कर निघाला 81,900. "मामू, म्हणजे तुम्हाला शून्य आणि मला एवढा?" आदल्या वर्षी त्याने 1,09,200 भरला होता, म्हणजे 27 हजार त्याचेही वाचणार होते, पण तेवढ्याने त्याचे तोंड गोड झाले नाही.

या नव्या पद्धतीबद्दल आमच्या घरात जी गोष्ट बोलली जाते ती बाहेरच्या चर्चेत फारशी ऐकू येत नाही. जुन्या पद्धतीत कर वाचवायचा तर घरकर्ज काढा, विमा काढा, ठेवी ठेवा. कर्जावर भरलेल्या व्याजापैकी वर्षाला दोन लाखांपर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा होई. आमच्याबरोबरच नोकरीला लागलेल्या एका सहकाऱ्याने कर्ज काढून फ्लॅट घेतला. आमचा पगार आणि त्याचा पगार सारखा, पण त्या दोन लाखांवर त्याचे वीस टक्क्यांनी 40 हजार सुटत, उपकर वेगळा. आम्ही व्याजाचे कर्ज काढायचे नाही असे लग्नाच्या वर्षीच ठरवले होते, म्हणून वीस वर्षे भाड्याच्या घरात काढली. भविष्यनिर्वाह निधी पगारातूनच कापला जातो आणि सक्तीच्या कपातीबद्दल अनेक आलिमांनी सवलत दिली आहे, म्हणून तेवढी वजावट मिळे.

मग घरभाड्याची सवलत तरी घ्यावी, तर घरमालक भाडे रोख घेई आणि पावतीचे नाव काढले की छताला लागलेल्या ओलीबद्दल बोलू लागे. त्याला ते उत्पन्न दाखवायचे नव्हते. एका वर्षी स्टाफरूममधल्या सल्ल्याने आम्ही दुसऱ्याच कोणाच्या सहीच्या पावत्या जोडल्या, महिना आठ हजारांच्या. वर्षाचे भाडे एक लाखावर गेले की मालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून आठच. भाडे आम्ही खरेच भरत होतो, सही तेवढी खोटी होती. काही हजार वाचले. अब्बांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "व्याज नको म्हणून घर घेतलं नाहीस, आणि हे चालतं?" पुढच्या वर्षी पावत्या जोडल्या नाहीत.

त्यामुळे वजावटी काढून टाकणारी नवी पद्धत आली तेव्हा ज्यांचे कर्ज होते ते कुरकुरले, आम्हाला मात्र मोकळे वाटले. कर्ज काढणारा आणि न काढणारा एका रांगेत आले. फेब्रुवारीतली कागदांची पळापळ संपली. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या जागी नवा आयकर कायदा लागू, कलमे आठशेच्या वरून 536 वर आली आहेत, 'कर वर्ष' हा एकच शब्द राहणार आहे. तेही बरेच. एक खंत आहे, ती आमच्यापैकी दुसरीची: कर वाचवायच्या निमित्ताने का होईना लोक बचत करत होते, आता ते निमित्त गेले. आणि जुन्या पद्धतीतली अडीच लाखांची मर्यादा 2014 पासून तिथेच आहे, इतक्या निवडणुका झाल्या तरी तिला कोणी हात लावला नाही.

तर त्या ईदला वाट्या दुसऱ्यांदा भरल्या गेल्या आणि विषय लाडक्या बहिणीवर गेला. कोणीतरी म्हणाले, दीड हजार वाटून लोकांना आळशी केले, वर एकवीसशेचे आश्वासन, आणि सगळे आपल्या टॅक्समधून. शेजारच्या आपा आमच्याकडे सकाळपासून मदतीला होत्या. शौहर जाऊन नऊ वर्षे झाली, ब्लाउज शिवून दोन मुले शिकवतात. त्या रिकाम्या वाट्या गोळा करत होत्या.

"मला वर्षाचे अठरा हजार येतात, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आता किती सुटले म्हणालात?"

वही समोरच उघडी होती. "त्रेसष्ट हजार सातशे," आम्ही सांगितले.

"हां," म्हणून त्या वाट्या घेऊन आत गेल्या.

भाईजानांनी मग हळू आवाजात फरक समजावला: एक आपलाच कमावलेला पैसा न घेणे, दुसरा सरकारचा पैसा देणे. फरक आहेच. पण दोऱ्याच्या रिळावर आणि साबणाच्या वडीवर जीएसटी आपाही भरतात, आणि निवडणूक जवळ आल्यावर दोघांचेही आठवते. तरी आमचा तो 'दिलासा' आणि त्यांची ती 'रेवडी'. त्या दिवसापासून हा शब्द आमच्या घरात कोणी वापरला की दुसरा गप्प होतो.

सुटलेले पैसे आम्ही दर महिन्याला घरासाठी म्हणून वेगळे ठेवले. यंदाच्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला बसलो तेव्हा अकरा पगारांचे 58 हजार चारशेच्या आसपास जमले होते. आयकर कमावलेल्यावर, जकात राखलेल्यावर. या पैशांवर शेकडा अडीचने 1,460 रुपये निघाले. दीड हजाराला चाळीस कमी. तो आकडा पाहून दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

आपांचे नाव आमच्या यादीत आधीपासून आहे, पण दरवर्षी पाकीट नेताना काही वाटत नसे. यंदा ते कोणी न्यायचे, यावर आमच्यात अजून ठरायचे आहे.