वेल्लोरजवळचे विश्वासाचे घर

काटपाडी स्थानकावर उतरून वेल्लोर शहरात शिरलात की मराठी माणसाची पावले आपोआप किल्ल्याकडे वळतात. दीर्घ वेढ्यानंतर १६७८ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला हा भुईकोट त्याच्या रुंद खंदकासह आजही उभा आहे. तो अवश्य पाहावा. परंतु तीव्र स्वमग्नता असलेले मूल आपल्या घरात असेल, तर शहराबाहेरील बागायमची वाटही धरावी.

ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे मानसिक आरोग्य केंद्र येथे १९५७ पासून आहे. रुग्णासोबत घरचे माणूस राहते, ही येथील जुनी रीत. तत्पूर्वी अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातलगांना सामावून घेतले होते. बागायममध्ये मुलांसाठी ‘नंबिक्कै निलयम’, म्हणजे विश्वासाचे घर, आहे. तेथे आईवडीलही मुलाबरोबर राहून शिकतात.

या रीतीचे मोल संकटाच्या रात्री कळते. न बोलणारे मूल डोके भिंतीवर आपटू लागते, हात चावते, आवरायला आलेल्या आईलाच मारते. अशा वेळी अनोळखी माणसे, प्रखर दिवे आणि बांधून ठेवणे यांनी भय वाढतेच. दाढ ठणकते आहे का, कान दुखतो का, पोट साफ आहे का, फिट येऊन गेली का, नवे औषध सुरू झाले का, हे आधी पाहावे लागते. त्याचा माग घरच्या माणसाखेरीज कोण देणार?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अठरा वर्षांखालील रुग्णासोबत घरचे किंवा त्यांनी नेमलेले माणूस राहणे बंधनकारक केले आहे. मात्र वडिलांहून उंच झालेल्या पंचविशीतल्या मुलाचे काय? सत्तरीच्या आईला वॉर्डाच्या दारातून परत पाठवणे मला उपचारातली उणीव वाटते. ही सोय वयाने मोठ्या रुग्णांनाही मिळायला हवी.

वेल्लोर प्रत्येकाला गाठता येणार नाही. तूर्त एका कागदावर आपल्या मुलाची औषधे, दुखण्याच्या खुणा, त्याला शांत करणाऱ्या व भिववणाऱ्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. एक प्रत शेजाऱ्यांकडे, एक डॉक्टरांकडे द्यावी. त्यावर टेली-मानसचा १४४१४ नव्हे, १४४१६ हा क्रमांक ठळक लिहावा. घाईत शेवटचा आकडा चुकतो. हा दूरध्वनी रात्रीही उचलला जातो.