काय जेवलीस?

मुलगी होनोलुलूला शिकायला गेली त्याला दोन वर्षं झाली. पुण्यात सकाळचे साडेदहा वाजले की तिच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजतात. ही आमची फोनची वेळ. सलाम, तब्येत, पाऊसपाणी झालं की मी विचारतो, "जेवलीस का?" ती "हो" म्हणाली की लगेच पुढचा प्रश्न, "काय जेवलीस?" तिची अम्मी पहिल्या प्रश्नावर थांबते. मला थांबता येत नसे.

एकदा ती हसत म्हणाली, "अब्बा, तुम्ही विचारता की तपासता?" मीही हसलो. पण त्यानंतर तिची उत्तरं आखडली. "जेवले." "काय?" "भात." एवढंच.

गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो आणि तीन आठवडे तिच्याकडे राहून आलो. लोक हवाईला समुद्रकिनारे बघायला जातात. आम्ही मूळचे दापोलीकडचे, समुद्राचं आम्हाला काय अप्रूप! खरं सांगायचं तर मला तिचा फ्रिज बघायचा होता. पहिल्याच रात्री ती झोपल्यावर मी तो उघडलाही. आत अंडी, दही, कोथिंबिरीची जुडी आणि अम्मीनं दिलेल्या मसाल्याची बरणी होती. बरं वाटलं, आणि पाठोपाठ लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती मला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेली. काउंटरजवळ काचेची गरम पेटी होती. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले भाताचे ठोकळे, वर तांबूस तळलेला एक काप आणि भोवती समुद्रशेवाळाची काळी पट्टी. "हे स्पॅम मुसुबी. बघून ठेवा, सगळीकडे दिसेल," ती म्हणाली. स्पॅम म्हणजे डब्यात बंद केलेलं डुकराचं मांस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याबरोबर ते या बेटांवर मुबलक आलं आणि लोकांच्या तोंडी बसलं. जपानी लोकांच्या भाताच्या मुसुबीवर ते जाऊन बसलं आणि शाळकरी पोरांपासून बांधकामावरच्या मजुरांपर्यंत सगळ्यांची न्याहारी झाली. शेजारी मानापुआ होते. चिनी पद्धतीचे वाफवलेले पांढरेशुभ्र पाव, आत बहुतेकदा तेच मांस. आपल्याकडे वडापाव, तसे तिथे हे दोन पदार्थ.

माझा चेहरा बघून ती म्हणाली, "म्हणूनच विचारून खाते मी."

तिथून आम्ही किराणा दुकानात गेलो. आपल्या मॉलसारखंच मोठं दुकान, पण मागच्या बाजूला मासळीचा काउंटर. बर्फावर ट्रे मांडलेले, त्यांत चौकोनी तुकडे केलेली कच्ची मासळी. याला पोके म्हणतात. हवाईयन भाषेत पोके म्हणजे कापून तुकडे करणं. अही म्हणजे ट्यूना, आपल्या कोकणातला कुपा, त्यात प्रमुख. मूळ पद्धतीत मीठ, लिमू नावाचं समुद्रशेवाळ आणि कुकुईच्या भाजून कुटलेल्या बिया एवढंच घालतात. पुढे जपान्यांबरोबर सोया सॉस आला, तिळाचं तेल आलं. पाउंडाच्या भावानं तोलून देतात.

मासळी म्हटल्यावर मी निर्धास्त होतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. समुद्रातलं आम्हाला सगळं चालतं. कच्चा मासा कधी खाल्ला नव्हता, पण सॉसमध्ये चमकणारे तुकडे बघून म्हटलं, होऊन जाऊ दे. बोट दाखवलं. मुलीनं मला थांबवलं आणि काउंटरवरच्या पोराला विचारलं, "यात मिरिन आहे का?" मिरिन म्हणजे जपानी स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू. पोरगा आत गेला, बाटली घेऊन आला, लेबल वाचलं आणि म्हणाला, "आहे. तुम्ही हे मीठ-लिमूचं घ्या." वर चव घ्यायला दोन कागदी वाट्यांत थोडं थोडं दिलं. मासा लोण्यासारखा होता. कुकुईची चव किंचित खोबऱ्याच्या कुटासारखी.

दोन वर्षं जिची परीक्षा घेत होतो, तिच्यासमोर मीच नापास झालो होतो. ती काही बोलली नाही. पाव पाउंड जास्त घेतलं, एवढंच.

दुपारी ती मला तिच्या विद्यापीठाजवळच्या एका छोट्या खानावळीत घेऊन जाई. तिथे प्लेट लंच मिळतं. कागदी डब्यात भाताचे दोन गोळे, मेयोनेजमधलं मॅकरोनीचं सॅलड आणि एक मुख्य पदार्थ. ही गोष्ट उसाच्या मळ्यांतली. 1852 पासून चिनी मजूर आले, 1878 पासून पोर्तुगीज, 1885 पासून मोठ्या संख्येनं जपानी, मग कोरियन आणि 1906 पासून फिलिपिनो. मजूर मळ्यावर दोन कप्प्यांचा डबा नेत. खाली भात, वर कालवण किंवा मासा. त्याला कौकौ टिन म्हणत. आपला पितळी डबाच म्हणा ना. मळेवाल्यांनी वेगवेगळ्या देशांच्या मजुरांच्या वस्त्या वेगळ्या ठेवल्या, मजुरीही वेगवेगळी दिली, म्हणजे ते एक होणार नाहीत. पण दुपारच्या सुट्टीत वरचे कप्पे एकमेकांपुढे सरकू लागले. सगळे मिळून कळेल अशी एक मोडकीतोडकी भाषाही तयार झाली. 1920 साली ओआहू बेटावर जपानी आणि फिलिपिनो मजूर एकत्र संपावर गेले. 1946 च्या मोठ्या संपात तर सगळ्या वंशांचे मजूर एकाच संघटनेत होते. नुसत्या डब्यांमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. संघटना बांधणारे झटले, लोकांनी उपासमार सोसली. पण ज्याच्या डब्यातलं आपण खाल्लं, त्याच्याशी वैर धरणं अवघड जातं, एवढं मला कळतं.

खानावळीत रांधणारी बाई साठीची असेल. तिथे वडीलधाऱ्या बाईला ओळख असो-नसो, आंटीच म्हणतात. अगदी आपल्यासारखं. मुलीला बघून ती म्हणे, "मासा, वेगळा तवा, हॅम नको. ठाऊक आहे." आणि खरोखरच बाजूला ठेवलेला छोटा तवा गॅसवर चढवी.

तो वेगळा तवा बघून मला माझ्या बँकेतलं जेवणाचं टेबल आठवलं. 1986 साली नोकरीला लागलो. पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, "तुमच्या डब्यात काय?" मी म्हणालो, "भेंडी." भेंडीच होती. तरी त्यांनी खुर्ची थोडी सरकवली. पुढे कितीतरी वर्षं मी टेबलाच्या टोकाला बसत असे आणि झाकण अर्धंच उघडत असे. एक सहकारी मात्र उठून माझ्याजवळ येई आणि हक्कानं माझ्या डब्यात हात घाली. ईदनंतर शीरखुर्मा आणला नाही तर रागवे. दोघांचाही प्रश्न तोच होता, "डब्यात काय?" एकाला खायचं होतं, दुसऱ्याला तपासायचं होतं. वेगळं भांडं आंटीनंही ठेवलं होतं, पण ते मुलीला जेवता यावं म्हणून.

आणि मी? ज्या प्रश्नानं आयुष्यभर झाकण अर्धं ठेवायला लावलं, तोच प्रश्न मी रोज सकाळी साडेदहाला पोटच्या पोरीला विचारत होतो.

शुक्रवारी मानोआच्या खोऱ्यातल्या मशिदीत गेलो. जुम्यानंतर एका इंडोनेशियन गृहस्थानं हात मिळवला, मुलीचं नाव घेतलं आणि म्हणाला, "रमजानमध्ये ती पांढरी गोड वाफवलेली वडी आणते ना, तिचे वडील तुम्ही?" मला आधी उमगेना. मग कळलं, सांदण! तांदळाचा रवा आणि नारळाचं दूध घालून आमच्या घरी वाट्यांत वाफवतात ते. ही पोरगी तिथे इफ्तारला सांदण घेऊन जात होती. मी दोन वर्षं ती काय खाते ते विचारत राहिलो. काय खाऊ घालते, हे विचारायचं सुचलंच नाही.

परतीच्या आदल्या दिवशी ती मला हवाईयन जेवणाच्या जागी घेऊन गेली. चार टेबलं, भिंतीवर जुने फोटो. तिनं स्क्विड लूआऊ मागवलं. तिथले लोक ऑक्टोपसलाही स्क्विडच म्हणतात. लूआऊ म्हणजे अळूची पानं. नारळाच्या दुधात शिजवून शिजवून लगदा केलेली अळूची पानं आणि त्यात समुद्राचा जीव. पहिला घास घेतला आणि मी गप्प झालो. आमच्या आजीचं अळू आणि माकूळ एका भांड्यात आले होते, फक्त चिंच आणि मिरची विसरून. पानं नीट शिजली नाहीत तर घसा खवखवतो, हे त्यांनाही आमच्याइतकंच ठाऊक.

सोबत पोई होती. अळूचे कंद उकडून, पाणी घालून वाटलेली जांभळट, चिकट पेज. ताजी असताना मवाळ, दोन-तीन दिवसांनी आंबट. हवाईयन लोक अळूला थोरला भाऊ मानतात. त्यांच्या कथेत आधी अळू जन्मला, मग माणूस. त्याच अळूच्या खाचरांचं पाणी पुढे कित्येक ठिकाणी उसाकडे वळवलं गेलं. 1893 मध्ये साखरेच्या धंद्यातल्या बड्यांच्या पुढाकारानं त्यांच्या राणीचं, लिलिउओकलानीचं, राज्य गेलं. आज त्यांच्याच भूमीत ते अल्पसंख्य आहेत. तेव्हा तिथलं सगळं गोडीगुलाबीचं आहे असं समजू नये. एका ताटात पाच देशांचे पदार्थ येतात, पण ज्यांची ही जमीन, त्यांची पोई ताटाच्या कडेला, छोट्या वाटीत.

मुलगी म्हणाली, "अब्बा, यांच्यात जुनी रीत आहे. पोईचं भांडं उघडलं की भांडण बंद."

"आपलं कुठं भांडण आहे?" मी म्हणालो.

ती नुसती बघत राहिली. मग मीच म्हणालो, "तपासत होतो मी. चुकलं माझं."

"मला वाटायचं, तुमचा माझ्यावर भरवसाच नाही."

"भरवसा होता. भीती जास्त होती."

तिनं पोईची वाटी माझ्याकडे सरकवली. खरं सांगतो, पोई मला आवडली नाही. पण संपवली.

आता पुण्यात आल्यावर मी फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारतो. मग ती आपणहून सुरू होते. आंटीनं आज कोणता मासा केला, कुठल्या बेकरीत विचारून कळलं की पोर्तुगीज गोड वडे, मालासादा, वनस्पती तेलातच तळतात, नारळाच्या दुधाची हाऊपिया खरवसासारखी कशी थरथरते. अर्धा तास जातो.

परवा सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि तुम्ही काय जेवलात?" माझी साखर वाढलेली तिला ठाऊक आहे. "भाकरी, पालेभाजी," मी म्हणालो. पलीकडे शांतता. मग जिलेबीचंही सांगून टाकलं.