आधी अक्षरं, मग कपाशी

शिरूर कासारच्या शिवारात, सिंदफणेच्या काठी कापूस वेचणाऱ्या बायांना बोंडातल्या जनुकाबद्दल कुणी काही विचारत नाही. पण 2002 साली जालन्याच्या महिकोला बीटी कपाशीची परवानगी मिळाली आणि प्रयोगशाळेत घडवलेलं एक जनुक आमच्या वावरात आलं.

ते मूळचं एका जिवाणूचं. जसंच्या तसं झाडात घातलं तर बोंडअळीला मारणारं प्रथिन नावापुरतंच बनायचं, कारण जिवाणूच्या लिपीत झाडाला ‘इथं संपलं’ असं वाटायला लावणारे तुकडे होते. मोन्सँटोच्या संशोधकांनी प्रथिन तेच ठेवून जनुकाची, म्हणजे डीएनएची, अक्षरं बदलली. ते काम 1991 मध्ये प्रसिद्ध झालं. पिकाचं नशीब आधी लिहून ठरलं, हे मला अजून नवलाचं वाटतं.

आज हे लिहिणं संगणकावर होतं: जनुक कुठं कापायचं, कुठं सांधायचं, याचा नकाशा आधी पडद्यावर काढतात. इकोआर-वन हे एन्झाइम डीएनएत जी-ए-ए-टी-टी-सी दिसलं की तिथं कापतं. ही सहा अक्षरं जनुकाच्या पोटातही असली तर जनुकच तुटतं. जनुक ज्यात जोडतात ते पीयूसी19 हे लहानसं प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं गोल कडं, तरी त्यात अक्षरांच्या 2686 जोड्या. डोळ्यांनी कुठवर शोधणार? सॉफ्टवेअर क्षणात दाखवतं. सांध्यात एक अक्षर गळलं तर पुढची तीन-तीन अक्षरांची सगळी वाचणी बिघडते, तेही सांगतं. कापलेल्या तुकड्यांचे जेलवर पट्टे कुठं यावेत, हेसुद्धा. खरं एन्झाइम उणे 20 अंशांवर जपावं लागतं. वीज जाणाऱ्या गावात ते जिकिरीचं. सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळतं. म्हणून पडद्यावरच्या या प्रयोगाला लुटुपुटूचा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

अर्थात, संगणकाला कळतं ते आपण टाइप केलेलं. प्रयोगशाळेतल्या नळीत काय आहे ते नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठानं बिकानेरी नरमा हे सरकारी बीटी वाण आणलं. बी घरचंच पुन्हा पेरता येणार, म्हणून केवढी आशा होती! 2009 मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत पोचलं, पण त्यात मोन्सँटोच्याच कपाशीतलं जनुक मिसळलेलं निघालं आणि विक्री थांबली. पुढे सोपोरी समितीनं त्याची चौकशी केली. असली भेसळ पडद्यावरच्या नकाशात दिसत नाही.

तेव्हा शिरूरच्या पोरापोरींनो, नकाशे खुशाल काढा, चुका पडद्यावरच करून घ्या. पुढे खरं प्लास्मिड हाती आलं की नळीवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. आधी त्याचा अनुक्रम वाचून घ्या.