उमरठचा पोवाडा आणि मेट्नरचा कॉन्सर्टो : कागदावर काय उरते?

१/ पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री ते कोंढाण्यावर पडले. त्यांचा देह मढेघाटाने या गावी आणला, असे परंपरा सांगते. पण महाराष्ट्राच्या घराघरांत तानाजी पोहोचले ते प्रामुख्याने शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून.

२/ रायबाचे लग्न, शेलारमामा, घोरपड, उदेभानाशी झुंज : हे सारे डफ-तुणतुण्याच्या साथीने मुखोमुखी चालत आले. १८९१ मध्ये अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे संग्रहरूपाने छापले. १८९४ मध्ये अ‍ॅक्वर्थ यांचे इंग्रजी भाषांतर आले; तेथे पोवाड्याला शब्द मिळाला ‘बॅलड’.

३/ हाच शब्द पुढे एका पियानो-कॉन्सर्टोच्या माथ्यावर दिसतो. रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर मायदेश सोडून इंग्लंडमध्ये राहत होता. महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४३ दरम्यान, त्याने पियानो व वाद्यवृंदासाठी तिसरा कॉन्सर्टो रचला. नाव : ‘बॅलड’. १९४४ मध्ये लंडनमध्ये तो स्वतः वाजवला.

४/ काळ बदलला होता. त्याची रोमँटिक शैली जुनी ठरत होती. मदत आली ती भारतातून! म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार यांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा खर्च उचलला. हा कॉन्सर्टो त्यांनाच अर्पण केलेला आहे.

५/ आजही ही रचना क्वचितच वाजते. तरीही तिची स्वरलिपी छापलेली आहे. कोणत्याही शहरातील पियानोवादक ती समोर ठेवून मेट्नरने लिहिलेला प्रत्येक स्वर पुन्हा उभा करू शकतो.

६/ पोवाड्याचे नेमके उलटे झाले. कथा सर्वांना ठाऊक; पण तुळशीदासाची चाल कोणती, हे छापील शब्द सांगत नाहीत. डफ कोठे थांबे, झीलकरी सूर कोठे उचलत, शाहीर गाणे सोडून गद्यात कोठे उतरे, हे कागदाबाहेरच राहिले. पुढे पलुस्कर आणि भातखंडे यांनी स्वरलिपी घडवल्या. त्यांचा भर रागसंगीतावर होता.

७/ इतिहासाच्या अभ्यासकासाठी हा भेद महत्त्वाचा आहे. मेट्नरच्या स्वरलिपीमागे एकच लेखणी आहे. छापील पोवाड्यामागे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे गायक आणि श्रोते आहेत. म्हणून त्यातील घोरपड हा १६७० चा पुरावा ठरत नाही; लोकांनी तो पराक्रम कसा आठवला, याचा मात्र तो अस्सल पुरावा आहे.

८/ महाड-पोलादपूरच्या एखाद्या गावात, रायगडाच्या वाटेवर, पोवाडा ऐकायला मिळाला, तर तो ध्वनिमुद्रित करावा. शाहिराची अनुमती घ्यावी. त्याचे नाव, गाव, तारीख आणि चाल त्याने कोणाकडून उचलली, हे टिपून ठेवावे. १८९१ च्या पुस्तकात शब्द आले. चाल अजून यायची आहे.